‘पूर्वी कुठे होते एसी?’ या मेसेजला उत्तर

एप्रिल लागला की एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: पूर्वी एसी नव्हते, तरी उन्हानं कुणी मरत नव्हतं, एसीनं शरीर नाजूक झालं, पंखा-कूलर पुरे, बाहेर पडताना खिशात कांदा ठेवा, आणि उन्हातून आलेल्याला गार पाणी देऊ नका, अंगावर तर ओतूच नका, रक्तवाहिन्या फुटतात. पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. पण यातलं शेवटचं वाक्य एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पूर्वीही माणसं उन्हानं मरत होती. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र ऊन क्वचितच येतं. म्हातारं माणूस दुपारी आडवं झालं ते उठलंच नाही, तर आपण ‘हार्ट अटॅक’ म्हणतो आणि विषय संपतो. मोजदाद केली की खरं काय ते कळतं. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. संशोधकांनी त्या महिन्यातले सगळे मृत्यू २००९ आणि २०११ च्या मे महिन्याशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्या धक्क्यातूनच २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेनं उष्णतेसाठी कृती आराखडा आणला.

आणि ‘पूर्वी’ म्हणताना पूर्वीची घरं का विसरायची? मराठवाड्यात माळवदाची, खानदेशात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं होती. मातीच्या जाड भिंती, छोट्या खिडक्या. ऊन त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तोवर घरची मंडळी अंगणात नाहीतर माळवदावर अंथरुणं टाकायची. आज डोक्यावर उघडा स्लॅब किंवा टिनाचे पत्रे असतात. मे महिन्यात अकोल्यातल्या किंवा नागपुरातल्या वरच्या मजल्यावर रात्री अकराला पश्चिमेच्या भिंतीला हात टेकवून बघा, ती अजून गरम असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहतो आणि शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. अशा खोलीत राहणाऱ्याला ‘आम्ही कसं सोसलं’ हे ऐकवण्यापेक्षा गच्चीवर पांढरा चुना मारून द्यावा. खोली खरंच थोडी निवते.

एसीबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. शरीर हळूहळू उन्हाला सरावतं, त्याला साधारण एक-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, भरपूर येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. दिवसभर एसीत बसणाऱ्याला हा सराव होत नाही. पण सरावालाही मर्यादा आहे. पंचाहत्तरीच्या आजीला, हृदयरोग्याला, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याला सहनशक्तीचे धडे देऊ नयेत. त्यांच्यासाठी दुपारचे दोन-तीन तास गार खोली हा औषधोपचारच समजा. एसी आतली उष्णता बाहेर गल्लीत फेकतो आणि बिल अनेकांना झेपत नाही, हे त्याचे खरे दोष. म्हणून वाचनालयं, समाजमंदिरं, महापालिकेची सभागृहं दुपारी सगळ्यांना खुली असावीत, असं मला मनापासून वाटतं.

कूलर पुरेल की नाही, हे हवेवर ठरतं. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या लावून घेतल्या की आत ओल साचते, अंथरूण दमट होतं, घाम वाळत नाही आणि जीव घाबरतो. मुंबई-कोकणात हवाच दमट, तिथे कूलरचा उपयोग नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात पारा चाळिशीच्या आत होता, तरीही उष्माघातानं १४ जण गेले. भर उन्हात तासन्‌तास बसणं आणि त्यात दमट हवा. आकडा छोटा दिसतो म्हणून गाफील राहू नका. उलट हवा चाळिशीच्या वर गेली की नुसता पंखा गरम झोतच अंगावर मारतो. तेव्हा अंग ओलं करून मग पंख्याखाली बसावं.

खिशातल्या कांद्यानं काही होत नाही, तो भाकरीबरोबर खावा. ताक, पन्हं जरूर प्यावं, त्यातून पाणी आणि मीठ पोटात जातं.

आता ते गार पाणी. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांपलीकडे जातं, माणूस बरळतो, तोल जातो, शुद्ध हरपते. मेंदू, मूत्रपिंडं, यकृत यांना इजा सुरू झालेली असते आणि जितका उशीर तितकं नुकसान जास्त. यावर डॉक्टरांचा पहिला उपचारच गार पाण्याचा आहे. उन्हात कोसळलेल्या खेळाडूंना आणि सैनिकांना बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवतात. गार पाण्यानं त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, फुटत नाहीत. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हेही चूक. कष्टाचं काम करताना कोसळलेल्याला घाम असू शकतो. तापाची गोळी इथे काम करत नाही, तिच्यात वेळ घालवू नका.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर ते वाक्य खोडा आणि त्या जागी एवढं लिहा: सावलीत न्या, जादा कपडे काढा, मिळेल ते गार पाणी अंगावर ओता, वारा घाला, मान-काखा-जांघेत बर्फ ठेवा, १०८ ला फोन करा. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी द्या, नसेल तर तोंडात काहीही घालू नका.