वाइड अँगल आणि पासपोर्ट साइज

भाव करताना चेहरा मख्ख ठेवावा, हे मला कळतं. शेजारी बसलेल्यालाही कळावं असा कायदा नाही, तिथं घात होतो.

गुलमंडीजवळच्या एका जुन्या स्टुडिओवाल्यानं कपाट रिकामं करायला काढलंय, हे कळल्यावर गेलो. माझ्या झोर्की-४ या जुन्या रशियन फिल्म कॅमेऱ्याला ५० एमएमची लेन्स आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात ती लावून मागं सरकत गेलं की पाठीला कातळ लागतो, पण मंदिर काही मावत नाही. काउंटरवर दोन वाइड, म्हणजे कमी एमएमच्या, लेन्स निघाल्या. जपानी कॅनन २८ मध्ये मोबाइलची बॅटरी मारली तर आत सगळं धुरकट. दुसरी ज्युपिटर-१२. ३५ एमएम, एफ २.८, जर्मन बायोगॉन लेन्सवरून रशियनांनी उचललेली. काच लख्ख! मनात उकळ्या फुटत होत्या, तोंडानं "हं, ठीकाय" म्हणालो.

बाकावर एक टोपीवाले काका बँकेच्या केवायसीचा फोटो काढायला बसले होते.

"काय बघायलेत एवढं?"

"लेन्स आहे, काका."

"झूम किती?"

"झूम नसतो हिला."

"मग करते काय?"

"जास्त जागा मावते."

"मग ड्रोन घ्या की. पुतण्याकडं हाय. विहिरीसकट सगळं रान मावतं."

बोलता बोलता त्यांनी लेन्स उचलली, काच गमछानं पुसली आणि पाठीवर उभी केली. हिचं मागचं भिंग कॅमेऱ्याच्या पोटात शिरेल इतकं बाहेर आलेलं असतं. पाठीवर ती कधी ठेवायची नसते. मी झडप घातली. छिद्र लहानमोठं करायची कडी कुठंय म्हणाले, तर ती पुढच्या तोंडात, आत. "म्हंजे दर फोटोला उलटं करून बघायचं?" हो, तसंच. वेरूळचं सांगितलं तर म्हणाले, "बाजूनं डोंगरावर चढा, वरनं काढा." तशी वाट आहे, हाच तर त्रास!

दुकानदार सहा हजार म्हणाला. मी चार म्हणून दाराकडं वळलो. अर्धा वळलो असेन.

"देतेत हो सहा," काका म्हणाले. "मगापासून बाळंतिणीनं लेकराकडं बघावं तसं बघायलेत."

एक रुपया सुटला नाही. वर झोर्कीच्या खिडकीतून दिसतं ५० एमएमचंच, म्हणून ३५ साठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळी खिडकी, म्हणजे फाइंडर लागतो. तो साडेचार हजार. रोल धुवायला पुण्याला कुरिअरनं पाठवायचा, तो खर्च आणखी निराळा. पन्नास हजारांचा मोबाइल घेणाऱ्याला कुणी विचारत नाही की कशाला घेतोस बाबा. फिल्मचा कॅमेरा हातात दिसला की माणूस सार्वजनिक मालमत्ता होतो. कुणीही यावं, दाबून बघावं.

पैसे मोजेपर्यंत काकांचा फोटो निघाला. त्यांनी तो लांब धरून न्याहाळला.

"टोपी कापली की हो. यांची ती लावून बघा एकदा. जास्त मावतं म्हणायलेत."