तिरंगी गोळे

पेसाह म्हणजे आम्हा ज्यूंचा, मिसर देशातून (इजिप्तमधून) सुटकेचा सण. त्याच्या सुपात या वर्षी रंगीत गोळे हवेत, असं सूनबाईने फर्मान काढलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. निवृत्त माणूस इस्राएलातल्या अश्दोदमध्ये असो की अलिबागमध्ये, घरच्यांच्या लेखी तो रिकामटेकडाच.

क्नेडलाख, म्हणजे हे सुपातले गोळे, हा पदार्थ आम्हा बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, नव्हेच. आमच्या आईचा पेसाह म्हणजे घराला चुना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई आणि खजुराचा शिरा. सूनबाईचं माहेर मात्र मूळचं पोलंडचं. कोंबडीच्या सुपात हे गोळे नसले, तर त्यांना मिसर देशातून सुटल्यासारखंच वाटत नाही. त्यात नातवंडं भाजीला शिवत नाहीत. म्हणून पालकाचे हिरवे, गाजराचे केशरी आणि मधले पांढरे. म्हटलं, "अगं, सण आपल्या ज्यू पंचांगातल्या १५ निसानला आहे, १५ ऑगस्टला नाही!" तिला काही उमगलं नाही. बायकोला उमगलं, पण सणाच्या आठवड्यात ती हसत नाही.

मात्सा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकरी, दळून तिच्या पिठात अंडी, तेल, मीठ, मिरी घालायची आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं. मात्सा स्वतः पीठ भिजल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून काढावी लागते. म्हणजे भाकरीला अठरा मिनिटं आणि तिच्या गोळ्यांना अख्खा दिवस!

खरा छळ पालकाचा. किडा कोशर नाही, म्हणजे आमच्या धर्मात खायला चालत नाही, तेव्हा एकेक पान उजेडासमोर धरून तपासायचं. बायको चष्मा लावून मागे उभी. "अहो, उलटी बाजू बघा." उलटी बाजू बघितली. मग उकडा, वाटा, फडक्यात बांधून पिळा. पाणी जरा राहिलं की गोळा पातेल्यात विरघळतो. पीठ वाढवलं की त्याची गोटी होते. हलका व्हावा म्हणून बेकिंग पावडर घालावी, तर नेहमीच्या पावडरीत मक्याचं स्टार्च. आम्ही पेसाहला बिनदिक्कत भात खातो, सूनबाईच्या माहेरी भातही चालत नाही नि मकाही. तिने सोडावॉटर सुचवलं. विहीणबाईंनी फोनवरून कोंबडीची चरबी सुचवली. माझं मत कुणी विचारलं नाही. कोथिंबीर मी गुपचूप घातली.

ओल्या हातांनी गोळे वळले. रंग एकमेकांना लागू नयेत म्हणून तीन पातेली. उकळत्या पाण्यात सोडून झाकण घट्ट लावायचं आणि निदान अर्धा तास उघडायचं नाही, हा एकच नियम सगळ्यांना मान्य. विहीणबाई आल्या, हात धुतले आणि तिन्ही झाकणं उघडून पाहिली.

पानात आले तेव्हा केशरी गोळे ठीक दिसत होते, हिरवे शेवाळी झाले होते. नातवाने ते एकेक करून अलगद माझ्या वाडग्यात सरकवले. विहीणबाईंनी चमच्याने एक दाबून पाहिला. गोळा तरंगणारा हवा, असं त्यांचं मत. व्याही म्हणाले, त्यांच्या आईचे नेहमी बुडायचे आणि तेच खरे. यावर त्या दोघांचं जे सुरू झालं, त्यात कोथिंबीर कुणाच्या लक्षातही आली नाही.

सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधिवत जेवणाच्या, शेवटी प्रथेप्रमाणे सगळे एका सुरात म्हणाले, "पुढल्या वर्षी जेरुसलेममध्ये!" विहीणबाईंची बहीण तिथेच राहते. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.