रेशनच्या तांदळातले ‘प्लास्टिकचे दाणे’

काकूंनी परवा रेशनचा तांदूळ सुपात घेऊन त्यातले वेगळे दिसणारे दाणे निवडून कचऱ्यात टाकले. ग्रुपवर मेसेज आला होता की रेशनमध्ये प्लास्टिकचा तांदूळ मिसळतात. ओळखायचा कसा? म्हणे तो पाण्यावर तरंगतो, काडी लावली की जळतो, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये विरघळत नाही आणि त्याच्या भाताचा गोळा चेंडूसारखा उसळतो.

आधी रिमूव्हरचं बोलू, कारण संताप त्याचाच येतो. विरघळला नाही म्हणून प्लास्टिक? रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन थर्माकोलवर ओता, बघता बघता त्याचा चिकट लगदा होतो. तेच दुधाच्या पिशवीवर ओता, पिशवी जशीच्या तशी. थर्माकोल पॉलिस्टायरीनचा, पिशवी पॉलिथिनची, दोन्ही प्लास्टिकच. आणि तांदळातला स्टार्चही अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, त्यामुळे या हिशेबाने कोलम, इंद्रायणी, आंबेमोहोर सगळेच प्लास्टिक ठरतील. वर हे सगळं ओट्यावर, काडी लावायच्या प्रयोगाच्या शेजारी! अ‍ॅसिटोन शून्याखालच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. स्वयंपाकघरात गॅस चालू असताना बाटली उघडली तर काय होईल, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला नाही.

जळण्याचं म्हणाल तर तांदूळ जळणारच. त्याचा कोळसा होतो, करपल्याचा वास येतो. पॉलिथिन आधी वितळतं, त्याचे थेंब गळतात आणि विझवलं की मेणबत्तीचा वास येतो. त्यापेक्षा दाणा शिजवून बघा ना. पॉलिथिन वितळायला 105 ते 135 अंश लागतात, पॉलिप्रॉपिलीनला 160च्या आसपास. उकळत्या पाण्यात दोन्हींपैकी काहीच भातासारखं फुगून मऊ होत नाही. दाणा शिजला आणि बोटाने चिरडला, तर विषय संपला. गोळा उसळतो तो चिकट भाताचा, कुठल्याही.

तरंगण्याचं मात्र खरं आहे. ते दाणे तरंगतात आणि ते शेतातून आलेले नाहीत, हेही खरं. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 मिसळून मशीनमध्ये दाण्याचा आकार दिलेला तो फोर्टिफाइड तांदूळ, साध्या 100 दाण्यांत साधारण 1. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत अशा मिसळलेल्या तांदळात किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. दुकानात हे कुणी धड समजावत नाही, तेव्हा लोकांचा संशय मी समजू शकतो. पण 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, आणि आपण नेमकं लोहच वेचून फेकतोय.

घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आजार असतील तर हा तांदूळ खाण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. बाकीच्यांना शंकाच असेल तर तो दाणा शिजवा, चिरडा आणि त्यावर जखमेला लावायच्या बीटाडिनचा एक थेंब टाका. निळा-काळा झाला की तो स्टार्च. प्लास्टिकवर थेंब तपकिरीच राहतो.