जोन कर्नर: प्रीमियरपदाच्या आधीची वर्षे

मेलबर्नच्या पश्चिम भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील कितीतरी बाळे आता सनशाइन रुग्णालयाच्या आवारातील ‘जोन कर्नर महिला व बाल रुग्णालया’त जन्मतात. माझ्या भाचीची मुलगीही तिथेच जन्मली. बाळाला पाहायला गेले असता भाचीने विचारले, “मावशी, या जोन कर्नर कोण? डॉक्टर होत्या का?” मी म्हटले, “नाही, व्हिक्टोरियाच्या पहिल्या महिला प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्री.” उत्तर चुकीचे नव्हते, पण घरी परतताना ते मला फार अपुरे वाटू लागले. कर्नर यांचे नाव निघाले की लोक प्रीमियरपदाची दोन वर्षे आणि १९९२ चा दारुण पराभव एवढेच आठवतात. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम त्याआधी, १९८५ ते १९८८ या काळात, एका दुय्यम समजल्या जाणाऱ्या खात्याच्या मंत्री असताना झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप तिथूनच सुरू व्हायला हवे.

त्या खात्याचे नाव होते निसर्गसंवर्धन, वने आणि जमीन. कर्नर यांचा जन्म १९३८ चा, मेलबर्नच्या एसेंडन उपनगरातला, शिक्षण शिक्षिकेचे, शेतीशी थेट संबंध नाही. राजकारणात त्या आल्या त्या शाळेच्या दारातून. मुलाला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा एका वर्गात पन्नासहून अधिक मुले बसवली जाणार असल्याचे त्यांना कळले आणि हे चालणार नाही, असे म्हणून त्यांनी इतर आयांना गोळा केले. तिथून त्या सरकारी शाळांच्या पालक मंडळांच्या राज्य महासंघापर्यंत पोहोचल्या आणि सत्तरच्या दशकात त्याच्या अध्यक्ष झाल्या. १९८२ मध्ये लेबर पक्षातर्फे त्या राज्याच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आल्या आणि तीन वर्षांत मंत्री झाल्या. पालक मंडळातली ही वर्षे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जमिनीच्या खात्यात त्यांनी जे केले त्याची रीत त्या तिथेच शिकल्या होत्या: ज्यांच्या दारात प्रश्न आहे त्यांना आधी एकत्र बसवायचे, आणि सरकारने त्यांच्या मागून, मदतीला यायचे.

व्हिक्टोरियाच्या जमिनीचे दुखणे तेव्हा खोलवर गेलेले होते. शतकभराहून अधिक काळ गहू आणि मेंढ्यांसाठी निलगिरीची जंगले तोडली गेली होती. ही झाडे खोलवर मुळे घालून वर्षभर पाणी ओढून घेतात. गव्हाची आणि गवताची मुळे उथळ असतात. झाडे गेल्यावर पावसाचे जास्त पाणी जमिनीत मुरू लागले, भूजलाची पातळी वर सरकली आणि हजारो वर्षे खाली निजलेले क्षार तिच्याबरोबर पृष्ठभागावर आले. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना क्षारपड जमीन म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. तिकडे उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्याने जे झाले, ते इथे कोरडवाहू शेतात केवळ झाडे गेल्यामुळे झाले. जोडीला मातीची धूप होती आणि सशांचा उपद्रव होता. यांतले एकही संकट एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. डोंगरमाथ्यावरच्या शेतातली झाडे तुटली की क्षार उतरणीला असलेल्या शेजाऱ्याच्या रानात फुटत, आणि एकाने ससे आवरले तरी शेजारच्या रानातून नवे येत. संकटाला कुंपण नव्हते, तर इलाज कुंपणाच्या आत कसा सापडणार?

सरकारी अधिकाऱ्यांना हे शास्त्र ठाऊक होते. अडचण होती ती विश्वासाची. लेबर हा शहरी कामगारांचा पक्ष, आणि ग्रामीण व्हिक्टोरिया हा त्याच्या विरोधकांचा बालेकिल्ला. त्यात पर्यावरण हा शब्द ऐकला की सरकार आता आपल्या जमिनीवर निर्बंध घालणार, असेच शेतकऱ्याला वाटे. कर्नर यांनी इथे जे पाऊल उचलले ते मला आजही थोर वाटते. त्यांनी व्हिक्टोरियन फार्मर्स फेडरेशन या शेतकरी संघटनेच्या अध्यक्ष हेदर मिचेल यांच्याशी हातमिळवणी केली. मिचेलही त्या पदावर पोहोचलेल्या पहिल्या महिला होत्या. राजकीय घर वेगळे, भोवतालचे लोक वेगळे, तरीही दोघी एका मुद्द्यावर ठाम राहिल्या: गट शेतकऱ्यांचा असेल, आपल्या खोऱ्यातला प्रश्न कोणता आणि सुरुवात कुठून करायची हे गट ठरवील, आणि खाते तंत्रज्ञान, रोपे व थोडासा निधी पुरवील. २५ नोव्हेंबर १९८६ रोजी सेंट अर्नॉडजवळच्या विंजॅलॉक या लहानशा वस्तीत पहिल्या गटाची सुरुवात झाली. या उपक्रमाचे नाव ‘लँडकेअर’.

पुढची वाटचाल वेगाने झाली. १९८९ मध्ये राष्ट्रीय शेतकरी महासंघाचे रिक फार्ली आणि ऑस्ट्रेलियन कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे फिलिप टॉइन, म्हणजे एरवी एकमेकांच्या समोरासमोर उभ्या असणाऱ्या दोन संस्थांचे प्रमुख, एकत्रितपणे पंतप्रधान बॉब हॉक यांच्याकडे गेले, आणि हॉक यांनी नव्वदचे दशक हे लँडकेअरचे दशक म्हणून जाहीर केले. देशभर हजारो गट उभे राहिले. दोन हातांच्या आकारातून ऑस्ट्रेलियाचा नकाशा साकारणारे ते हिरवे चिन्ह आजही गावोगावच्या कुंपणांवर दिसते.

मंत्री म्हणून त्यांच्या नावावर दुसरेही एक मोठे काम आहे: १९८८ चा वनस्पती व प्राणी संरक्षण हमी कायदा. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, संकटात असलेल्या जातींच्या यादीबरोबरच त्यांना संकटात लोटणाऱ्या प्रक्रियांचीही यादी करण्याची तरतूद त्यात होती. रोग्याबरोबर रोगाचेही नाव लिहून ठेवण्यासारखे हे होते. अर्थात, कायद्याची अंमलबजावणी पुढे अनेक वर्षे ढिली राहिली, आणि लँडकेअरलाही मर्यादा होत्या. स्वेच्छेने लावलेली रोपे कितीही असली, तरी एकीकडे मोठमोठी झाडे तुटत राहिली तर हिशेब जुळत नाही. म्हणूनच १९८९ मध्ये मूळ झाडोरा तोडण्यासाठी परवाना आवश्यक करावा लागला. स्वेच्छा आणि सक्ती या दोन्हींची गरज असते. पण गटांमुळे गावोगावी आधी जाण तयार झाली नसती, तर त्या सक्तीला किती विरोध झाला असता, याचाही विचार करायला हवा.

१९८८ मध्ये त्या शिक्षणमंत्री झाल्या आणि बारावीच्या जुन्या परीक्षेच्या जागी व्हीसीई आणण्याचे वादग्रस्त काम त्यांनी पुढे नेले. इथल्या आपल्या मुलांची झोप उडवणारी ती हीच व्हीसीई.

मग १९९० उजाडले. राज्याच्या मालकीच्या स्टेट बँक ऑफ व्हिक्टोरियाची ट्रायकॉन्टिनेंटल ही उपकंपनी बेफाम कर्जवाटपाने बुडाली होती, जिलाँगची पिरॅमिड बिल्डिंग सोसायटी ही ठेवी घेऊन घरकर्जे देणारी संस्था कोसळून सामान्य ठेवीदार रस्त्यावर आले होते, आणि ऑगस्टमध्ये प्रीमियर जॉन केन यांनी राजीनामा दिल्यावर ते पद कर्नर यांच्याकडे आले. त्याच महिन्यात स्टेट बँक कॉमनवेल्थ बँकेला विकण्याचा निर्णय जाहीर झाला. पिरॅमिडच्या ठेवीदारांचे पैसे भागवण्यासाठी पेट्रोलवर लिटरमागे तीन सेंट अधिभार बसला. केन यांच्या मंत्रिमंडळात त्या पाच वर्षे होत्या, शेवटी उपप्रीमियरही होत्या, त्यामुळे सामूहिक जबाबदारीतून त्यांना पूर्णपणे मोकळे करणे मला योग्य वाटत नाही. तरीही घर पेटल्यावर किल्ल्या हाती आलेल्या व्यक्तीलाच आग लावणारी ठरवणे अन्यायाचे आहे. त्या काळच्या व्यंगचित्रांत त्यांना ठिपक्यांचा झगा घातलेली बेढब गृहिणी म्हणून रंगवले जात असे. तसा झगा आपल्याकडे कधी नव्हताच, असे त्या सांगत. पुरुष प्रीमियरच्या धोरणावर टीका होई आणि बाईच्या कपड्यांवर, हे आठवले की मला आजही संताप येतो. ऑक्टोबर १९९२ च्या निवडणुकीत विरोधी लिबरल पक्षाचे नेते जेफ केनेट यांनी लेबरचा धुव्वा उडवला.

एवढ्या मोठ्या पराभवानंतर अनेक जण आत्मचरित्र लिहितात किंवा कंपन्यांच्या संचालक मंडळावर जाऊन बसतात. कर्नर पुन्हा आपल्या जुन्या रीतीकडे, म्हणजे माणसे गोळा करण्याकडे वळल्या. १९९४ मध्ये त्यांनी संसद सोडली. त्याच वर्षी लेबर पक्षाने होबार्टच्या राष्ट्रीय परिषदेत जिंकण्याजोग्या जागांपैकी ३५ टक्के जागांवर २००२ पर्यंत महिला उमेदवार देण्याचा नियम स्वीकारला, आणि त्यासाठी झटणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. पण नियम झाला म्हणजे उमेदवार तयार होत नाहीत, हे त्यांना नेमके माहीत होते. म्हणून १९९६ मध्ये त्यांनी सहकारी महिलांसह ‘एमिलीज लिस्ट’ ही संस्था उभी केली, जी महिला उमेदवारांना पैसा, प्रशिक्षण आणि अनुभवी मार्गदर्शक मिळवून देते. तिची घटना लिहिण्यात सहभागी असलेल्या एक तरुण वकील, ज्युलिया गिलार्ड, २०१० मध्ये देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. आज केंद्रीय संसदेतील लेबरच्या सदस्यांमध्ये महिला निम्म्याहून अधिक आहेत. शाळेच्या दारातल्या आया, विंजॅलॉकचे शेतकरी आणि या महिला उमेदवार यांच्यामागे मला एकाच बाईचा हात दिसतो.

१ जून २०१५ रोजी कर्नर यांचे निधन झाले. चार वर्षांनी त्यांच्या नावाचे रुग्णालय उघडले. ते नाव तिथे शोभते, यात शंका नाही. फक्त त्या पाटीवरून जमिनीच्या मंत्र्याची ओळख होत नाही, एवढीच माझी खंत आहे. आपली मंडळी सुट्टीत ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांत जातात. पुढच्या वेळी येताना घाई नसेल तर वाट थोडी वाकडी करून सेंट अर्नॉडकडून या, आणि विंजॅलॉकच्या आसपास शेतांच्या बांधांवरची झाडे बघा. भाचीला मी सांगून ठेवले आहे की बाळ चालायला लागले की आपण तिला घेऊन तिकडे जाऊ.