पर्चेसला बगल देऊन क्लाउडची खरेदी वेगवान होत नाही

मोठ्या वाहन कंपन्यांत क्लाउड सॉफ्टवेअर घ्यायला महिनोन्‌महिने लागतात आणि त्याला पर्चेस, आयटी सिक्युरिटी आणि लीगल ही तीन खाती जबाबदार आहेत, असा दावा लिंक्डइनवर आणि पिंपरी-चाकणच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सतत फिरत असतो. उपायही सोबतच सुचवलेला असतो. विभागप्रमुखाच्या हाती कार्ड द्या, क्लाउड कंपनीच्या मार्केटप्लेसवरून, म्हणजे तिच्या ऑनलाइन दुकानातून, त्याला हवं ते घेऊ द्या. पैसे महिन्याच्या हिशेबाने जातात, नाही पटलं तर बंद करता येतं, सुरक्षेची सर्टिफिकेटं व्हेंडरकडे असतातच. मग एवढी छाननी कशाला?

यातली तक्रार शंभर टक्के खरी आहे. उपाय चुकीचा आहे, आणि वाहन उद्योगात तो धोक्याचाही आहे. १ मार्च २०२२ रोजी टोयोटाचे जपानमधले सगळे १४ कारखाने, २८ लाइन एक दिवस बंद राहिल्या, कारण प्लॅस्टिकचे भाग पुरवणाऱ्या कोजिमा या कंपनीच्या सिस्टिमवर सायबर हल्ला झाला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जॅग्वार लँड रोव्हरचं उत्पादन हल्ल्यानंतर महिनाभराहून जास्त काळ ठप्प होतं आणि ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. त्यात सगळ्यात जास्त होरपळले ते छोटे पुरवठादार. एवढं पणाला लागलेलं असताना ‘छाननी काढून टाका’ हे उत्तर असूच शकत नाही.

पहिला मुद्दा, उशीर तपासणीमुळे होतो हा. चाकणमधल्या एखाद्या बॉडी शॉपचं, म्हणजे गाडीचा सांगाडा जोडणाऱ्या विभागाचं, चित्र डोळ्यांसमोर आणा. वेल्डिंगमधले दोष कॅमेऱ्याने टिपणारं क्लाउड सॉफ्टवेअर क्वालिटीवाल्यांनी पाहिलं, ट्रायल झाली, सगळ्यांना पटलं. आता व्हेंडर कोड, म्हणजे कंपनीच्या पुरवठादार यादीतला क्रमांक, काढायचा. त्याचा फॉर्म कधीकाळी कास्टिंग आणि शीट मेटलच्या पुरवठादारांसाठी बनवलेला. त्यात यंत्रांची यादी हवी, प्रेसची क्षमता हवी, गोदामाचा पत्ता हवा. बाणेरची छोटी सॉफ्टवेअर कंपनी रकान्यामागून रकान्यात ‘लागू नाही’ लिहिते आणि फॉर्म अपूर्ण म्हणून परत येतो. ते निस्तरलं की पर्चेस दराची घासाघीस करतं. दर ठरल्यावर कागद सिक्युरिटीकडे जातो आणि तिथून भलीमोठी एक्सेल शीट येते. ती भरून झाली की लीगल पहिल्यांदा करार उघडतं आणि म्हणतं, नुकसानभरपाईची ही मर्यादा आम्हाला चालणार नाही. मर्यादा वाढवायची तर व्हेंडर पैसे वाढवणार, म्हणजे दराची फाइल पुन्हा पर्चेसकडे. एवढं होऊन पीओ (खरेदीचा आदेश) निघतो, सॉफ्टवेअर सुरू होतं आणि पहिलंच बिल अडकतं, कारण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, नाही. गेटमधून माल आतच आलेला नाही, तर जीआरएन कोण करणार? मग अकाउंट्समधला कोणीतरी जाणकार सर्व्हिस एन्ट्री शीटचा, म्हणजे सेवा मिळाल्याच्या नोंदीचा, रस्ता दाखवतो.

या सगळ्यात तपासणी करणाऱ्या माणसाने खरोखर डोकं घातलं असे तास काढून बघा. ते फारच थोडे भरतात. बाकीचा वेळ रांगेत आणि परतफेऱ्यांत जातो. लीगलची नुकसानभरपाईची अट आणि सिक्युरिटीचे मूळ प्रश्न ट्रायलच्या आधी व्हेंडरच्या हातात पडले, सेवांसाठी वेगळा व्हेंडर फॉर्म असला, वापरानुसार येणाऱ्या बिलासाठी वरची मर्यादा ठरवून वर्षाचा ब्लँकेट पीओ काढला, तर एकही तपासणी न गाळता यातला मोठा भाग कमी होतो. यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही. तिन्ही खात्यांच्या प्रमुखांनी एकदा एका खोलीत बसायची तयारी लागते.

दुसरा मुद्दा कार्डाचा. परदेशी कंपनीचं सबस्क्रिप्शन कोणी कंपनीचा जीएसटी क्रमांक न देता घेतलं, तर तिकडून ग्राहकाला वैयक्तिक समजून आयजीएसटी लावला जातो, आणि त्याचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) कंपनीला मिळत नाही. तोच क्रमांक देऊन रीतसर खरेदी झाली असती तर कर रिव्हर्स चार्जने (विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने) भरून क्रेडिट घेता आलं असतं. हे झालं उघड नुकसान. छुपं नुकसान याहून मोठं असतं. एकच टूल तीन प्लांट तीन वेगवेगळ्या दरांनी घेतात, कार्डधारकाची बदली होते, रिन्यूअल आपोआप होत राहतं आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसतं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत तिची माहिती द्यावी लागते आणि लॉग (सिस्टिममधल्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. जे सॉफ्टवेअर कंपनीच्या यादीतच नाही, त्याचे लॉग कोण जपणार आणि ६ तासांत कोण काय सांगणार?

मार्केटप्लेस मात्र मला उपयोगी वाटतं, आणि पर्चेसने त्याचा धसका घेऊ नये. बिल एकाच ठिकाणी येतं, नवा व्हेंडर कोड बहुतेक वेळा लागत नाही, क्लाउड कंपनीला वार्षिक खर्चाचं वचन दिलं असेल तर त्यात ही खरेदी काही प्रमाणात धरली जाते. मंजूर झालेल्या उत्पादनांचीच खासगी यादी ठेवण्याची सोयही असते. पण मार्केटप्लेसने सुटतो तो बिलिंगचा प्रश्न. व्हेंडर कोणता डेटा कुठे ठेवणार आणि त्याला हात कोण लावणार, हे तिथे तुमच्या वतीने कोणी ठरवत नाही.

तिसरा मुद्दा सर्टिफिकेटांचा, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. माहिती सुरक्षेच्या आयएसओ २७००१ या मानकाच्या सर्टिफिकेटवर व्याप्तीची एक ओळ असते. ती वाचल्याशिवाय सर्टिफिकेटला अर्थ नाही. त्या ओळीत व्हेंडरचं एखादंच ऑफिस किंवा एखादंच उत्पादन असू शकतं, आणि तुम्ही विकत घेताय ते उत्पादन त्यात नसूही शकतं. सॉक २ म्हणजे व्हेंडरच्या सुरक्षा नियंत्रणांचं बाहेरच्या ऑडिटरने केलेलं परीक्षण. त्याचा टाइप १ अहवाल एका दिवसाची स्थिती सांगतो. नियंत्रणं काही महिने खरोखर पाळली गेली का, हे टाइप २ मध्ये कळतं. व्हेंडरचा सेल्सवाला ‘सॉक २ आहे’ म्हणतो तेव्हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, क्लाउड कंपनीचं सर्टिफिकेट तिच्या हद्दीपुरतं असतं. मे २०२३ मध्ये टोयोटाने जाहीर केलं की जपानमधल्या सुमारे २१.५ लाख ग्राहकांच्या गाड्यांचा डेटा नोव्हेंबर २०१३ पासून एप्रिल २०२३ पर्यंत बाहेरच्यांना पाहता येईल अशा स्थितीत होता. कारण होतं क्लाउडचं चुकीचं सेटिंग. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवागन समूहाच्या कॅरियाड या सॉफ्टवेअर कंपनीचं असंच प्रकरण जर्मनीत उघड झालं: सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर पुरेशा संरक्षणाशिवाय होती आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या कुठे उभ्या होत्या हेही त्यातून कळत होतं. दोन्हीकडे क्लाउड पुरवणाऱ्याच्या सर्टिफिकेटने काही अडलं नसतं. सेटिंग कोण करणार, ते कोण तपासणार आणि किती दिवसांनी, हे प्रश्न खरेदीच्या वेळीच कोणाच्या तरी नावावर लिहावे लागतात. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही डेटा दुसऱ्या कंपनीने हाताळला तरी जबाबदारी मूळ कंपनीचीच राहते, आणि सुरक्षेतल्या कुचराईचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. युरोपला गाड्या पाठवणाऱ्यांना गाड्यांच्या सायबर सुरक्षेचा यूएनचा आर १५५ नियम लागू आहे. जुलै २०२४ पासून तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांना तो बंधनकारक झाला, आणि पुरवठादार व सेवा देणाऱ्यांकडून येणारी जोखीम कशी सांभाळता हे वाहन कंपनीला त्यात दाखवावं लागतं.

मग प्रत्येक व्हेंडरला तीच एक्सेल शीट पुन्हा पुन्हा भरायला लावायची का? मुळीच नाही. वाहन उद्योगानेच यावर तोड काढलेली आहे. जर्मन वाहन उद्योग संघटनेच्या प्रश्नावलीवर उभी असलेली टिसॅक्स ही माहिती सुरक्षेच्या तपासणीची व्यवस्था २०१७ पासून चालू आहे. एकदा तपासणी झाली की तिचा निकाल तीन वर्षं चालतो आणि व्हेंडर तो हव्या त्या ग्राहक कंपनीला दाखवू शकतो. जर्मन कंपन्यांचं काम करणाऱ्या पुण्यातल्या अनेक पुरवठादारांना ती चांगली परिचयाची आहे. क्लाउडपुरतं बोलायचं तर क्लाउड सिक्युरिटी अलायन्स या संस्थेची सीएआयक्यू ही सुरक्षेची प्रश्नावली बऱ्याच व्हेंडरांनी आधीच भरून ठेवलेली असते. ती स्वीकारा आणि आपल्या कंपनीचे खरोखर वेगळे असलेले मोजके प्रश्नच वर जोडा. शिवाय कँटीनच्या मेनूवर मत घेणाऱ्या टूलला आणि चालत्या गाडीला ओव्हर-द-एअर (ओटीए, म्हणजे वायरलेस) अपडेट पाठवणाऱ्या सेवेला एकच चाळणी लावणं बंद करा. ज्यात ग्राहकाचा डेटा नाही, लाइनशी जोडणी नाही, गाडीशी संबंध नाही, ते आठवड्यात मंजूर व्हायला काहीच हरकत नाही. असं केलं तर सिक्युरिटीच्या माणसांना ओटीए सेवेसाठी वेळ उरेल. आज त्यांचा तो वेळ कँटीनच्या टूलमध्ये जातोय, याची मला खरी काळजी वाटते.

शेवटचा दावा, नाही पटलं तर बंद करता येतं. गुगलने उपकरणं क्लाउडशी जोडणारी आपली आयओटी कोअर ही सेवा बंद करत असल्याचं ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं आणि १६ ऑगस्ट २०२३ ला ती बंद केली. ग्राहकांच्या हाती एक वर्ष होतं. रस्त्यावरची गाडी पंधरा वर्षं चालते. तिच्यातल्या उपकरणाची जोडणी एका वर्षात दुसऱ्या सेवेकडे वळवणं हे बटण दाबण्याचं काम नाही. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही सर्व्हर सॉफ्टवेअरची कंपनी घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली, तेव्हाही ग्राहकांना सबस्क्रिप्शनचे नवे हिशेब मांडत बसावं लागलं. युरोपने यासाठी कायदाच केला: १२ सप्टेंबर २०२५ पासून तिथल्या डेटा कायद्याने क्लाउड बदलण्याचा हक्क दिला आहे आणि १२ जानेवारी २०२७ पासून बदलण्यासाठी वेगळं शुल्कही घेता येणार नाही. आपल्या ग्राहकाला असं कायद्याचं कवच नाही, म्हणून डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने परत मिळणार हे करारातच लिहून घ्यावं लागतं. माझा आग्रह याच्याही एक पाऊल पुढचा आहे. ट्रायल चालू असतानाच सगळा डेटा एकदा बाहेर काढायला लावा आणि तो दुसऱ्या सिस्टिममध्ये उघडतो का ते आपल्या इंजिनिअरकडून तपासून घ्या. पीओ निघायच्या आधी व्हेंडर हे काम आनंदाने करून देतो.