माळ्यावरचा वेताळ आणि ऐंशी कोटींचा मेसेज

तालमीच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. अमेरिकेत तिघा भावांना आईच्या माळ्यावर जुनं कॉमिक सापडलं, ते ऐंशी कोटींना गेलं. तुमच्याही माळ्यावर इंद्रजाल, अमर चित्रकथा अशी जुनी कॉमिक्स पडलेली असतील. जितकं जुनं तितकं महाग. खात्री नसेल तर ऑनलाइन भाव बघा, एकेका अंकाला हजारो रुपये आहेत. सोन्यापेक्षा चांगली गुंतवणूक. तेव्हा रद्दीत घालू नका, लॅमिनेट करून ठेवा, आणि नव्या कॉमिक्सचे पहिले अंक आत्ताच घेऊन कपाटात टाका.

मी जुनी कॉमिक्स जमवतो हे गावभर माहीत आहे, त्यामुळं हा मेसेज मलाही येतो आणि त्याखाली ‘आमच्याकडं गठ्ठा आहे, काय मिळतील ओ?’ असं असतं. एकेकाला समजावत बसण्यापेक्षा सगळं इथंच लिहितो.

तिघा भावांची गोष्ट खोटी नाही. तो १९३९ चा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक होता आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हेरिटेज या अमेरिकी लिलावगृहात तो ९१ लाख २० हजार डॉलरना गेला. त्या आकड्यात लिलावगृहाचं कमिशनही धरलेलं आहे, म्हणजे तेवढेच्या तेवढे भावांच्या खिशात गेले असं नाही. पण ते जाऊ द्या. मेसेजनं खरी गोम गाळलीय ती वेगळीच. या प्रतीला कॉमिकची अवस्था तपासून गुण देणाऱ्या सीजीसी या संस्थेनं दहापैकी ९.० गुण दिले होते, आणि त्या अंकाच्या माहीत असलेल्या प्रतींत ही सगळ्यात चांगली. एवढ्या वर्षांत कागद टिकला कसा, याचं श्रेय लिलाव करणाऱ्यांनीच उत्तर कॅलिफोर्नियाच्या थंड हवेला दिलं होतं.

आता आपला माळा बघा. वर पत्रा नाहीतर कौलं, एप्रिल-मेमध्ये भट्टी, आणि जूनपासून चार महिने भिंतींना ओल. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते तिथं साध्या छपाईच्या कागदाची काय कथा. पिना गंजतात, गंज पानात उतरतो, मधलं पान सुटतं. कडा पिवळ्या पडून मोडायला लागतात, पानांवर तांबूस ठिपके येतात, आणि कसर लागली की इंद्रजालच्या वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, मुखवट्यालाच भोक. शिवाय आमच्या कोल्हापुरातले २०१९ आणि २०२१ चे पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वर्षी पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्क भागातल्या किती घरांतली पुस्तकं चिखलात गेली ते तिथल्या लोकांना विचारा. एकदा भिजून वाळलेला अंक लाटा धरतो, त्या इस्त्रीनं जात नाहीत. (इस्त्री करून बघणारे भेटलेत, म्हणून सांगतोय.)

आणि नुसत्या हवेला दोष देऊन चालणार नाही. आपण ही कॉमिक्स वाचण्यासाठी घेतली होती, आणि वाचली. एक अंक चार घरं फिरायचा. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांचे शिक्के पहिल्या पानावर, मागं बॉलपेननं कुणाचं तरी नाव आणि तुकडी, जादूगार मँड्रेकला काढलेल्या जादा मिशा. सगळ्यात मोठा घात केला तो बाइंडिंगनं. सुट्टीत दहा-पंधरा अंक एकत्र बांधून आणायची पद्धत होती. बांधणारा गठ्ठा शिवायचा, तिन्ही बाजूंनी कटिंग मारायचा आणि जाड पुठ्ठा चढवायचा. कधी कधी मुखपृष्ठंच काढून टाकायचा. घरात ती पुस्तकं शोभायची, मुलांच्या हातात टिकायचीही. पण कडा कापलेला आणि पाठीत सुईची भोकं पडलेला अंक संग्राहकाच्या लेखी वाचायची प्रत. त्याला भाव आहे, पण वाचायच्या प्रतीचाच.

म्हणूनच लॅमिनेशनचा सल्ला वाचून मी कपाळाला हात लावला. गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की निघत नाही. सेलोटेपचंही तेच, वर्षांनी टेप गळून पडते आणि तपकिरी डाग तेवढा राहतो. काही करायचंच असेल तर अंक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, मागं पुठ्ठा लावा, पेटीत उभे ठेवा आणि पेटी माळ्यावरून खाली, कोरड्या खोलीत आणा.

‘जितकं जुनं तितकं महाग’ हे तर सरळ चूक. भाव वयाला नसतो, ठरावीक अंकाला असतो. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. एकूण अंक ८०३. त्यातले सुरुवातीचे वेताळाचे अंक लोक शोधतात, १९७६ मध्ये लेखक आबिद सुरतींनी आणलेल्या बहादूर या देशी नायकाचे पहिले अंक शोधतात. ऐंशीच्या दशकात मात्र अंक दर आठवड्याला यायचा, आणि कुणाच्याही माळ्यावर निघतो तो बहुतेक त्याच काळातला गठ्ठा. एक सापळाही आहे. पुढं पुढं इंद्रजालवर खंड आणि अंक असे आकडे यायला लागले, त्यामुळं ‘अंक १’ दर वर्षी नव्यानं आला. तो हातात घेऊन ‘पहिला अंक सापडला’ म्हणून फोन करणारे असतात. खंडाचा आकडा वाचा म्हटलं की थोडा वेळ शांतता.

अमर चित्रकथेत घोळ उलटा. १९६७ मध्ये अनंत पै यांनी मालिका सुरू केली, पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांना गेले आणि ११ व्या क्रमांकावर राम वाईरकरांनी चितारलेला ‘कृष्ण’ आला. त्या पहिल्या छपाईला गिऱ्हाईक आहे. पण ‘कृष्ण’ तेव्हापासून पुन्हा पुन्हा छापला जातोय. आज दुकानात मिळतो त्यावर ५०१ क्रमांक असतो. चित्र तेच, गोष्ट तीच, म्हणून प्रत तीच नव्हे. छापील किंमत, प्रकाशकाचा पत्ता आणि इतर अंकांची यादी ताडून छपाई ठरवावी लागते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘ऑनलाइन भाव बघा’ या वाक्यानं. तिथं दिसतो तो विकणाऱ्यानं मागितलेला आकडा. मागायला काय जातंय? एकानं पाच हजार लिहिले की दुसरा ते बघून सहा लिहितो, आणि दोघांचेही अंक वर्षभर तिथंच. परदेशी साइटवर ‘विकले गेलेले’ एवढेच दाखवायची सोय असते. ती लावून बघितलं की आकडे झटकन खाली येतात. अमेरिकेत १९७० पासून जुन्या कॉमिक्सच्या भावांचं ओव्हरस्ट्रीट नावाचं दरपत्रक निघतं, २००० पासून सीजीसी गुण देतं, मोठ्या लिलावांचे निकाल जाहीर असतात. आपल्याकडं व्यवहार होतात ते ओळखीत, फोनवर, ग्रुपमध्ये, आणि ठरलेला आकडा त्या दोघांतच राहतो. मराठी अंक दुर्मीळ म्हणून दुप्पट, असंही कुणी सांगतं. दुर्मीळ आहेत हे कबूल. पण भाव चढायला एकाच अंकावर अडून बसलेले किमान दोघं लागतात, आणि मराठी इंद्रजालसाठी अडून बसणारे आम्ही एकमेकांना नावानिशी ओळखतो.

सोन्याची तुलना एका ओळीत संपते. मोडायची वेळ आली तर गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात जा, त्या दिवसाच्या भावानं, घट वजा करून, संध्याकाळच्या आत पैसे हातात. कॉमिक्सची गुजरी कोल्हापुरात कुठं आहे ते मला दाखवा.

राहिले नवे पहिले अंक. हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेलाय. १९३९ चा ‘सुपरमॅन’ महाग आहे कारण तो कुणीच जपला नाही. मुलांनी फाडला, युद्धाच्या काळात कागद गोळा करायच्या मोहिमांत ढिगानं कॉमिक्स गेली. जुन्या अंकांचे भाव बघून नव्वदच्या सुमाराला लोक नवे अंक पेट्या भरून घ्यायला लागले. १९९१ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांवर प्रती खपल्या, वेगवेगळ्या मुखपृष्ठांसकट, आणि त्या जपूनही ठेवल्या गेल्या. आज त्याची साधी प्रत तिथं काही डॉलरना मिळते. १९९२ मध्ये सुपरमॅन मेला तो अंक तर सीलबंद पिशवीतच आला, लोकांनी पिशवी न फोडता ठेवला, त्याचंही तेच. पुढं बाजार कोसळला, दुकानं बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरात ‘एक्स-मेन’ काढणाऱ्या खुद्द मार्व्हल कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र मला मान्य आहे: किलोच्या भावानं रद्दीत घालू नका. गठ्ठा खाली काढा, फडक्यानं धूळ झटका, ओल्या नव्हे कोरड्या. मग दिवसाच्या उजेडात पुढचं पान, मागचं पान, पिना आणि मधलं पान असे फोटो काढा, फाटकं झाकू नका, आणि खंड-अंकाचे आकडे लिहून पाठवा. आणि कुणी ‘सगळा गठ्ठा मिळून इतके’ म्हणाला तर त्याला आधी विचारा, यातले नेमके कोणते अंक हवे आहेत म्हणून. बहुतेकदा त्याची नजर दोन-तीन अंकांवर असते, बाकीचे तो नुसते सोबत घेऊन जातो.