एसडब्ल्यूआर चांगला आहे म्हणून खूश होऊ नका, सांधा उघडून बघा!

पहिला पाऊस पडून गेला की हौशी रेडिओवाल्यांचं, म्हणजे हॅम मंडळींचं, ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर) दर वर्षी तेच रडगाणं. "बँड अगदी शांत आहे हो, पण हाका मारून घसा बसला तरी कुणी उत्तर देत नाही." अहो, बँडला काही झालेलं नाही! गच्चीवर जा आणि डायपोलचा, म्हणजे दोन बाजूंना ताणलेल्या तारांच्या अँटेनाचा, केबल जोडलेला मधला सांधा उघडा. पण नाही. उत्तर ठरलेलं: "अँटेनात काही नाही, एसडब्ल्यूआर तर सुधारलाय. आधी १.६ होता, आता १.२."

एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेल्या शक्तीतली किती परत फिरते ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला. सुधारला? कशाने सुधारला? तारेची लांबी तीच, उंची तीच, आणि पावसात भिजून अँटेना सुधारली? हेच तर दुखणं आहे. केबलमध्ये पाणी शिरलंय.

हा आकडा दाखवणारा मीटर बसवलेला असतो खाली, रिगपाशी, म्हणजे रेडिओ संचापाशी. ओली केबल वर जाणारी शक्ती खाते आणि परत येणारीही खाते. समजा केबलमध्ये ६ डेसिबल जातायत. खालून १०० वॅट सोडले, वर पोचले २५. आता वर तारा तुटून पडल्या असल्या आणि ते २५ च्या २५ परत फिरले, तरी खाली येईपर्यंत उरतात जेमतेम ६. मीटर दाखवतो १.७. अँटेना जागेवर नाही, आणि मीटर म्हणतो १.७! बँड शांत वाटतो तोही त्यामुळेच. स्टेशनांबरोबर गोंगाटही केबलमध्येच मुरतो, म्हणून ऐकताना फरक कळत नाही. मार बसतो तो तुमच्या सिग्नलला.

तपासायला दहा मिनिटं लागतात. केबल वरून अँटेना आणि बॅलनपासून (केबल आणि अँटेना यांच्यामधल्या ट्रान्सफॉर्मरपासून) सोडवा, ते टोक उघडंच ठेवा आणि खालून छोट्या व्हीएनएने (अँटेना-केबल तपासायच्या मोजणी यंत्राने) ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर बघा. रिगने पॉवर सोडून नाही, रिगचे फायनल, म्हणजे शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर, जाळाल. ३० मीटर चांगल्या आरजी-२१३ केबलमध्ये इथे अर्ध्या डेसिबलच्या आसपासच जातं, म्हणून उघड्या टोकाला आकडा १० च्या बराच वर असायला हवा. ३ आला तर अर्धी पॉवर वाटेतच जातेय. इथे आकडा चांगला, म्हणजे कमी, आला तर केबल वाईट, एवढं साधं आहे. पण हे न करता लोक नवीन ट्यूनर (रिग आणि अँटेना जुळवणारा डबा) विकत आणतात!

आणि पाणी शिरतं कुठून? जिथे आळस केला तिथून. केबलच्या टोकाला लावायच्या पीएल-२५९ कनेक्टरमध्ये पाणी अडवणारी रबरी रिंग नसते, टाइप-एन कनेक्टरमध्ये असते. म्हणजे पीएल-२५९ उघड्यावर लावायचा तर पाणी अडवण्याचं काम तुमच्या हातांनी करायचं. त्याहून वाईट म्हणजे डायपोलच्या मध्यावर केबल सोलून, जाळी आणि मधली तार फाकवून थेट इन्सुलेटरला बांधलेली असते. उघडी जाळी समईतल्या वातीसारखी पाणी ओढते. एका पावसाळ्यात मीटर-दीड मीटर आतपर्यंत तांबं काळं पडतं. बाहेरचं काळं कवच मात्र नव्यासारखं चकचकीत, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

मग "टेप लावली होती की!" कोणती टेप? वायरिंगवाल्याची पीव्हीसी टेप, दोन वेढे. मे महिन्यात गच्चीच्या उन्हात तिचा गोंद पातळ होतो, कडा सुटतात, आणि जूनमध्ये तीच टेप आत गेलेलं पाणी धरून ठेवते. याच्यापेक्षा काही न लावलेलं बरं, निदान वाळलं तरी असतं.

नीट करायचं तर कनेक्टर टेफ्लॉनचा घ्या. स्वस्तातल्यांचं प्लॅस्टिक सोल्डर करताना वितळतं आणि मधली पिन तिरकी होते. बॉडीला निकेल असेल तर चार भोकांभोवती कानशीने पितळ दिसेपर्यंत घासा, नाहीतर सोल्डर धरतच नाही, नुसता गोळा बसतो. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने हे होत नाही, निदान १०० वॅटचा हवा. सांधा घट्ट केल्यावर आपोआप एकजीव होणारी रबर टेप घ्या, ताणून जवळजवळ दुप्पट करा आणि अर्ध्यावर अर्धा वेढा देत खालून वर जा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटर पुढपर्यंत. तिच्यावर उन्हापासून आडोसा म्हणून पीव्हीसी टेप, तीही खालून वर. छपरावर कौलं कशी बसवतात? वरचं कौल खालच्यावर. वरून खाली गुंडाळलीत तर प्रत्येक वेढ्याची खाच आकाशाकडे तोंड करून पाणी गोळा करते. शेवटचा वेढा ताणू नका आणि टेप ओढून तोडू नका, ब्लेडने कापा, म्हणजे टोक परत सुटत नाही. खिडकीतून आत घेण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथून ठिबकून जाऊ दे.

सिलिकॉन लावणार असाल तर ट्यूब हुंगून बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिड सोडतंय, तांबं खाणार. न्यूट्रल लिहिलेलंच घ्या.

अँटेना खांबाला आवळणाऱ्या यू-बोल्टचा संताप वेगळाच. "स्टेनलेस आहे साहेब, चुंबक लावून बघा." २०२ नंबरच्या हलक्या स्टेनलेसला पण चुंबक चिकटत नाही! मुंबईत किंवा कोकणात खाऱ्या हवेत त्याच्यावर एका पावसात तांबडे ओघळ येतात. बोल्टच्या डोक्यावर ए२ किंवा ए४ कोरलेलं बघा, समुद्राजवळ ए४ च. आणि नट चढवताना ग्रीस लावा, स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आटे एकमेकांत अडकतात आणि शेवटी करवतीने कापावं लागतं.

मास्टबद्दल, म्हणजे अँटेनाच्या खांबाबद्दल, एकच. खांब ताणून धरणाऱ्या तारांचे (गाय वायरचे) अँकर गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्यात ठोकू नका. तो वॉटरप्रूफिंगचा थर आहे, त्याला ओढ सहन होत नाही, आणि भोक पडलं की खालच्या घरात गळती सुरू. मग सोसायटी अँटेनाच काढायला सांगते आणि आपण सोसायटीला शिव्या देतो. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, ते आठवून तारा बांधा.

सगळ्यात चीड येते ती पुढच्या गोष्टीची. काळी पडलेली केबल दोन टोकं कापून, नवे कनेक्टर लावून, "थोडीच वापरलेली" म्हणून नव्या व्हीयू३ वाल्याच्या (ज्याचं कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतं अशा नवख्या हॅमच्या) गळ्यात मारतात. तो पोरगा वर्षभर स्वतःच्या रिगला दोष देत बसतो. टोकापासून अर्धा अर्धा मीटर कापत जा. तांबूस चकचकीत जाळी लागली तर तिथून पुढची केबल वापरा. दोन मीटर कापूनही काळीच असेल तर सगळी भंगारात घाला. आणि विकायचीच असेल तर घेणाऱ्यासमोर टोक सोला, जाळी दाखवा, मग पैसे मागा.